उन्हाला धरलेला फोटो

सिदूनं खताच्या गोणीची सुतळी सोडली आणि आतले फोटो एकेक करून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रचायला घेतले. त्याआधी त्यानं धोतराच्या सोग्यानं टेबल पुसून घेतलं होतं. टेबल लख्खच होतं म्हणा, पण हे फोटो ठेवायची जागा आपल्या हातानं पुसल्याशिवाय त्याला चैनच पडायचं नाही. काळ्याशार फिल्मा, काही पिवळट पडलेल्या, काहींचे कोपरे उंदरांनी कुरतडलेले. दहा झाले, वीस झाले, तरी गोणी रिती होईना, तेव्हा बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“बाबा, मी ऑपरेशनचे कागद मागितले होते.”

“ते बी हायत की. बुडाला हायत,” सिदू म्हणाला. “ह्ये बगा आदी. पाच वर्साची हुती तवापासून लगीन हुईस्तोवरचे समदे हायत. एक बी हरवू दिला न्हाई.”

शेजारच्या खुर्चीत त्याची लेक धनश्री पदर सावरून बसली होती. वय तेहतीस, सासरच्या गावात अंगणवाडीची ताई. तिच्या छातीत डाव्या अंगाला गाठ आली होती. तिची आई कडूबाई चार महिने म्हणत राहिली, की ही लहानपणच्या ऑपरेशनच्या टाक्याची गाठ, टाका आतल्या आत गोळा झालाय. त्या घरात दुखणं म्हणजे काळजाचं, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. मागच्या मंगळवारी रिपोर्ट आला आणि गाठ कॅन्सरची निघाली.

धनश्री जन्मली तीच काळजाला छिद्र घेऊन. रडली की ओठ निळे पडायचे. पाचव्या वर्षी पुण्याला ऑपरेशन झालं आणि पोरगी जगली. कॅन्सरची काही औषधं काळजावर भारी पडतात, म्हणून काय द्यायचं ते ठरवण्याआधी बाईंना तिच्या काळजाची जुनी माहिती हवी होती. ‘जुनी माहिती’ एवढे दोन शब्द सिदूच्या कानावर पडायचा अवकाश, त्यानं फळीवरची गोणी उतरवली, डोक्यावर घेतली आणि एसटीनं नगर गाठलं.

बाईंनी वरचा एक फोटो उचलून उजेडाच्या पेटीवर लावला. लहान मुलाच्या बरगड्या, आणि दोन्ही बगलांपाशी मोठ्या माणसाच्या बोटांची हाडं.

“ही बोटं कुणाची?”

“माजी,” सिदू म्हणाला. त्याला हसू आलं. “उभी ऱ्हायची न्हाई वो ती. मशीन बगितलं की रडून गोंधळ. मंग मी धरायचो बगलंत हात घालून. सात वर्साची हुईस्तोवर धरली.”

“आणि इतके फोटो काढायला सांगितले कुणी?”

“कुनी न्हाई. मीच काढायचो. पुन्याचा डाक्तर म्हणलता, पोरीला दाखवत जा. आता पुनं का जवळ हाय? मंग आमच्या बाजाराच्या गावी, कड्यातच काढायचो. वर्साला दोन. दिवाळी झाली, मेंढरं घिऊन घाटाखाली निघालो की एक, आन् जेठात माघारी आलो की एक.”

हे सांगताना त्याची मान जराशी ताठ झाली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी तरी विचारलं होतं. बाईंनी काही शाबासकी दिली नाही. त्या फोटोकडे बघत राहिल्या. तेवढ्यात धनश्रीनं बरेच दिवस ओठांवर असलेलं विचारलं.

“मॅडम, मलाच कसा झाला हो? आमच्या घरात कुणालाच नाही. वय बी नाही माझं.”

बाई तरुण होत्या, नव्या होत्या, आणि खरं बोलायची सवय अजून गेली नव्हती. त्या म्हणाल्या, “जन्मापासून हृदयात दोष असलेली मुलं आता मोठी होतात, तुमच्यासारखी संसार करतात. त्या लोकांमध्ये कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त दिसतं. का, ते पक्कं कुणालाच ठाऊक नाही. लहानपणी त्यांच्या फार तपासण्या होतात, त्यातल्या किरणांचा थोडा हात असावा असं काही जण म्हणतात.”

“किरणं म्हंजी?” सिदूनं विचारलं.

“एक्स-रेची. हे फोटो काढतात ना, त्याची.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग त्या भराभरा बोलायला लागल्या. छातीच्या फोटोत किरणं अगदी थोडी असतात. मांडीतून नळी घालून ज्या तपासण्या झाल्या त्यांत जास्त, आणि त्या केल्या नसत्या तर ऑपरेशन झालं नसतं, मुलगी राहिलीच नसती. हिचा कॅन्सर अमुक कारणानं झाला असं छातीठोक सांगणारा डॉक्टर दुनियेत नाही.

“कळलं ना बाबा?”

“कळलं,” सिदू म्हणाला.

काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं टेबलावरचा गठ्ठा दोन्ही हातांनी सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून दिले. फोटो गोणीत धनश्रीनंच भरले. सुतळीही तिनंच बांधली. पहिली सुई सोमवारी द्यायची असं ठरलं, तेव्हा तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

परतीच्या एसटीत धनश्री खिडकीशी बसली आणि सिदू तिच्या शेजारी. गोणी पायाशी. एरवी सिदू गाडीत बसला की तोंडाला कुलूप नसायचं. कुणाच्या शेतात काय पेरलंय, कुणाची विहीर आटली, कुठल्या माळावर यंदा चारा नाही, सगळं सांगत सुटायचा आणि अनोळखी माणसालाही आपला पाहुणा करून घ्यायचा. त्या दिवशी कंडक्टरनं दोनदा विचारलं, तेव्हा त्यानं एकदा ‘कडा’ म्हणून सांगितलं.

“नाना, पाणी पिता का?”

“नको.”

“तुमी सकाळपासून काही खाल्लं न्हाई.”

“खाल्लं की.”

त्यानं काही खाल्लं नव्हतं. भूक लागली होती का, तेही त्याला सांगता आलं नसतं.

आता हे फोटोचं वेड त्याला लागलं कसं, ते सांगायला हवं. धनगराच्या घरात बाप सहा-सात महिने मेंढरांमागं बाहेर असतो. बायको बरोबर, कोकरं बरोबर, घोड्यावर बिऱ्हाड, आज या माळावर मेंढरांचा वाडा तर परवा त्या शेतात. ऑपरेशन झालेली पोरगी असल्या चालीत न्यायची नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून धनश्री वस्तीवर आजीपाशी राहिली, शाळेत गेली, शिकली. सिदू घाटाखाली मेंढरं चारायचा आणि जीव सगळा वस्तीवर. त्या वेळी फोन नव्हते. मग पोरीचं बरं चाललंय हे कशावरून कळायचं? कड्याच्या स्टँडजवळ राधाकिशननं एक्स-रेचं मशीन टाकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सिदू पोरीला तिथं न्यायचा, फोटो काढायचा आणि तो फोटो घोंगडीत गुंडाळून बरोबर घ्यायचा.

दुसऱ्या मेंढक्यांच्या खिशात लेकराचा फोटो असायचा, नवे कपडे घालून काढलेला. सिदूच्या घोंगडीत लेकीच्या बरगड्या. मुक्कामाला सकाळी ऊन वर आलं, की तो फोटो उन्हाला धरायचा आणि बघायचा. छातीच्या मधल्या हाडाला ऑपरेशनच्या तारा होत्या, पाच वेढे, पांढरेशुभ्र. ते आधी मोजायचे. मग डाव्या अंगाला काळजाची सावली. तिच्यात तो छिद्र शोधायचा. मेंढीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून तिचं रक्त किती आहे ते ओळखणारा माणूस, त्याला वाटायचं आपल्याला दिसेल. असल्या फोटोत छिद्र दिसतच नाही, हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही. तो शोधायचा, सापडायचं नाही, आणि मग तो समाधानानं भाकरी खायचा. एका साली चौथी तार तुटलेली दिसली, तेव्हा तो मेंढरं भावकीतल्या माणसावर टाकून तीन दिवसांची वाट दीड दिवसात तुडवून घरी आला होता. पोरगी दारात काचापाणी खेळत होती. तारा तुटतात कधी कधी, त्याचं काही नसतं, असं राधाकिशननं कुणा डॉक्टरला विचारून सांगितलं, तेव्हा कुठं तो परत गेला.

लग्न झाल्यावर जावयानं हे बंद केलं. सोमेश्वर त्याचं नाव, एका साखर कारखान्यात कामाला, चार बुकं शिकलेला. तो म्हणाला, मामा, आता दुसरं मशीन निघालंय, त्यात काळीज हलताना दिसतं, ह्या फोटोंचं काम नाही. सिदूनं ऐकलं. पण गोणी टाकून दिली नाही. आमच्या पोरीच्या वाटणीचं दुखणं ती पाचव्या वर्षीच भोगून मोकळी झालीये, आता तिला काही होत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा आणि त्याचा त्यावर खरोखरच विश्वास होता.

त्या संध्याकाळी वस्तीवर आल्यावर कडूबाईनं भाकरी वाढली आणि समोर बसली.

“काय म्हणली डाक्तरीण?”

“विलाज हाय म्हणली.”

“मंग त्वांड कावून असं?”

“कसं?”

कडूबाईनं आणखी विचारलं नाही. नवरा बोलत नाही म्हणजे दमलाय, असं तिनं धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी सिदू मेंढरं घेऊन माळावर गेला. आता चाळीसच राहिली होती, आणि घाटाखाली जाणंही दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं. दुपारी एक मेंढी व्याली. कोकरू ओलं, थरथरत उठायला बघत होतं, आणि सिदूनं सवयीनं हात पुढे केला. मग हात मागे घेतला. तो दोन पावलं सरकून उभा राहिला. मेंढीनंच चाटून चाटून कोकराला उभं केलं, बऱ्याच वेळानं. संध्याकाळी ते कोकरू त्याच्या खांद्यावर नव्हतं. मेंढीच्या मागं धडपडत आलं होतं. कडूबाईनं ते पाहिलं, आणि नवऱ्याच्या वहाणेतून येणारं रक्तही पाहिलं.

“बसा हितं.”

वहाण फोडून बाभळीचा काटा टाचेत गेला होता. बोटाच्या पेराएवढा आत. सकाळीच कधीतरी गेला असावा. कडूबाई सुईनं कोरत होती आणि सिदू समोरच्या कुडाकडे बघत होता.

“दुकत न्हाई व्हय?”

“दुकतंय की,” तो म्हणाला, पण पाय हलला नाही.

कडूबाईनं काटा काढून तळहातावर ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. “आवं, तिचं काय वाईट म्हणली का डाक्तरीण? खरं सांगा मला.”

“तिचं न्हाई,” सिदू म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला.

रात्रीच्या जेवणाआधी धनश्रीचा फोन आला.

“नाना, सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचंय. तुमी स्टँडवर या.”

“सोमेश्वर हाय की.”

“त्यांची ड्युटी हाय. आन् ते आले तरी तुमी पायजेत.”

“मेंढ्या व्यायला लागल्यात.”

“आजपस्तोर कदी व्याल्या न्हाईत का?”

पलीकडून नातीचा आवाज येत होता, कुणीतरी तिला अभ्यासाला बसवत होतं.

“नाना, बाई काय म्हणल्या ते नीट ऐकलं ना तुमी? थोडी असत्यात म्हणल्या. त्यानं झालं असं न्हाई म्हणल्या.”

“ऐकलं.”

“मंग?”

“मंग काय. मी आलो की काय व्हतं तिथं? आजवर आलो तेवढं बास झालं.”

त्याला एवढंच म्हणायचं होतं, की आपण हिच्याजवळ उभं राहू नये. जिथं जिथं उभे राहिलो तिथं काय करून ठेवलं ते कळलंय. पण हे असं त्याला मांडता आलं नाही, आणि आलं असतं तरी लेकीला सांगितलं नसतं.

“तुमी न्हाई आलाव तर मी बी सुई घेनार न्हाई,” धनश्री म्हणाली. “चेष्टा न्हाई करत. आजपस्तोर एक सुई तुमच्याबिगर घेतली न्हाई मी.”

तिनं फोन ठेवला. ती बोलल्याप्रमाणे करणारी होती हे बापाला पक्कं माहीत होतं. पाच वर्षांची असताना ऑपरेशनच्या दारात तिनं त्याचं बोट सोडलं नव्हतं. शेवटी नर्सनं सिदूला टोपी-झगा चढवून आत नेलं, आणि पोरीला भूल चढल्यावरच बाहेर काढलं. आताच्या या फोननंतर दोन दिवस सिदूनं फोन उचलला नाही. कडूबाईनं उचलला, ‘हां, हां’ केलं, आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली.

बाजाराच्या दिवशी तो एक मेंढा घेऊन कड्याला गेला. मेंढा विकायचा होता असं नाही, घरात बसवत नव्हतं. विकला, पैसे कोपरीच्या खिशात टाकले, आणि स्टँडकडे वळला तर राधाकिशन रस्त्यातच उभा.

“ए सिद्या, कुठं चाललास बे? ये, च्या घेऊ.”

राधाकिशन आपणहून चहा पाजायला उभा राहिला, ही गोष्टच नवी होती. दोघं एका वयाचे, चाळीस वर्षांची ओळख, पण चहा म्हटला की राधाकिशनला नेमकं कुणीतरी बोलावलेलं असायचं. एक्स-रेचं मशीन त्यानं केव्हाच मोडीत काढलं होतं. मोठी सेंटरं निघाली, त्याच्याकडे कोण येतंय. आता त्याच खोलीत झेरॉक्सचं मशीन होतं. त्यानं सिदूला आत नेलं, स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि दार लोटून घेतलं.

“तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “लई दिवसांपासून जिवाला लागून ऱ्हायलंय. सोमवारी तुमी जायच्या आदी सांगून टाकावं म्हणलं.”

सिदूनं मान वर केली. सोमवारचं त्यानं गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. दुखण्याचंही नाही.

“मी तुज्या पोरीचे फोटो काढलेच न्हाईत.”

“कंचे?”

“तुज्या गोणीत हायत ते. पयले चार काढले, खरं हाय. मंग मला एक डाक्तर म्हणला, कारन नसताना लेकराला किरणं देऊ नको. आता तुला सांगितलं आसतं तर तू ऐकनारा हैस का? दुसरीकडं गेला आसता. म्हणून मी मशीनचा निस्ता आवाज करायचो, आन् आत जाऊन जुन्याच फोटोची दुसरी फिल्म काढून आनायचो. फसवलं तुला. जोडा काढून हान मला, पर खरं हाय ते सांगितलं.”

त्यानं हे एका दमात म्हटलं, शाळेतलं पोर कविता म्हणतं तसं. चहा आला. सिदूनं कप हातात घेतला.

“ती वाढत गेली की रं,” तो हळूच म्हणाला. “फोटोत बी वाढत गेली.”

राधाकिशन थांबला. हे त्याला कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. त्यानं झेरॉक्सच्या मशीनकडे पाहिलं, मग दाराकडे.

“ते... ते दुसऱ्या पोरींचे,” तो म्हणाला. “तिच्याच वयाच्या. लोक काढून जात्यात, न्यायला येत न्हाईत. पडून असायचे. तेच तुला द्यायचो.”

दुसऱ्या पोरींच्या छातीत तारा नसतात. सिदूच्या तोंडाशी आलं होतं. पाच वेढे, आणि एका सालानंतर चौथा तुटलेला. तुटलेल्याचं एक टोक दर वर्षी जरा जरा वर सरकलेलं. राधाकिशनला तो स्वतः दाखवायचा, ह्ये बग, आनखी सरकलं, आणि राधाकिशन म्हणायचा, सरकू दे, टोचत न्हाई ना तिला. एवढं सगळं तो विसरून गेला होता. घाबरलेल्या माणसाला काय काय आठवणार. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला होता.

चाळीस वर्षांत कड्याच्या बाजारात सिदूला कुणी फसवून जनावर विकलं नव्हतं. दात न बघता वय सांगायचा, चालीवरून पोटातलं दुखणं सांगायचा. ह्या गोष्टीचा त्याला एवढा तोरा होता की लोक कंटाळायचे. राधाकिशनचंही तसंच. त्याच्या मशीनचा फोटो म्हणजे नगरच्या डॉक्टरलाही चालायचा, हे तो पंचक्रोशीला ऐकवत आलेला. आणि तो माणूस आज आपल्या तोंडानं आपलं नाव मातीत घालत बसला होता. धनश्रीनं त्याला फोन केला असणार. छातीत ती गाठ घेऊन, पोरीला अभ्यासाला बसवून, बाजूला जाऊन तिनं हे सगळं समजावून सांगितलं असणार, काका असं म्हणा, काका तसं म्हणा.

सिदूला तेव्हा कुठं टाचेतली जखम ठणकायला लागली. त्याला लेकीची फार फार माया आली आणि तिची फार कीव आली, आणि आपण हे सगळं करून ठेवलंय हे जिथं होतं तिथंच राहिलं. ते काही जागचं हललं नाही.

“लबाड हैस तू राधाकिसन्या,” तो म्हणाला.

“हाय,” राधाकिशन म्हणाला, आणि त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

“आनखी कुनाला सांगू नको. धंद्याची आब्रू जाईल तुज्या.”

“आता कुटं हाय धंदा.”

दोघांनी चहा संपवला. उठताना सिदूनं राधाकिशनच्या खांद्यावर हात टेकला, पाय दुखतो म्हणून टेकावा तसा, आणि थोडा वेळ तो काढला नाही.

सोमवारी धनश्री आणि सोमेश्वर स्टँडवर आले तेव्हा सिदू आधीच बाकावर बसलेला होता. फेटा नवा, दाढी घोटलेली, आणि टाचेला कडूबाईनं बांधलेली हळदीची चिंधी. सोमेश्वरनं आश्चर्यानं बघितलं. त्यानं आपली रजाही टाकून ठेवली होती.

“मामा, तुमी येनार नव्हता ना?”

“तू जा ड्युटीला,” सिदू म्हणाला.

गाडीत तो फारसं बोलला नाही. धनश्री दोन-तीनदा त्याच्याकडे बघून गेली. राधाकिशनकाका भेटले का, असं तिला विचारता येत नव्हतं, आणि न विचारता राहवत नव्हतं. तिनं शेवटी बाजाराचं विचारलं.

“मेंढा कितीला गेला?”

“गेला बराबर.”

दवाखान्यातली खोली लांबट होती. दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेशी एक सलाइनची काठी आणि एक घरचं माणूस. धनश्रीला खिडकीजवळची खाट मिळाली. नर्सनं तिचा उजवा हात ओढून घेतला, रबर बांधला आणि टिचक्या मारून शीर शोधायला लागली. शीर मिळेना. लहानपणापासून टोचून टोचून त्या हाताच्या शिरा आत दडी मारून बसल्या होत्या.

“मूठ सैल सोडा ताई,” नर्स म्हणाली. “हात किती ताठ धरलाय. असं केलं तर मिळायची नाही.”

धनश्रीनं मूठ सोडली, पुन्हा आवळली. ती सुईकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. तो खाटेपासून चार पावलांवर भिंतीला पाठ लावून उभा होता, हात मागे बांधून.

सिदू पुढे आला. खाटेच्या कडेवर बसला.

“धने,” तो म्हणाला, चांगल्या खणखणीत आवाजात, मेंढरांना हाळी देणाऱ्या गळ्यानं, “त्यो राधाकिसन लई हरामी निगाला गं.”

अर्ध्या खोलीनं माना वळवल्या. नर्ससुद्धा थांबली.

“काय केलं त्यांनी?” धनश्रीनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक होता.

“फोटो समदे खोटे. पयले चार सोडले तर एक बी तुजा न्हाई. मशीनचा निस्ता आवाज करायचा, आन् दुसऱ्या कुन्या पोरींचे फोटो मला द्यायचा. सोताच्या तोंडानं कबूल झाला परवा.” त्यानं कपाळावर हात मारला. “आन् मी येडा, घाटाखाली उन्हात बसून दुसऱ्यांच्याच पोरींची काळजं बगत ऱ्हायलो. ईस वर्सं.”

“मंग तुमी काय म्हणलाव त्यांना?”

“काय म्हणनार. च्या पिलो.”

धनश्रीला हसू आलं. ते आधी ओठांवर आलं आणि मग खांदे हलले. किती दिवसांनी हसत होती, डोळ्यांना पाणी आलं. पलीकडच्या खाटेवर एक गेवराईकडचे म्हातारे गृहस्थ सलाइन लावून पडले होते, त्यांनाही मजा वाटली. त्यांनी कोपरावर अंग उचललं.

“आवं पावनं,” ते म्हणाले, “काय मानूस हाव तुमी. ईस वर्सं बगितलं म्हणता. पोटच्या पोरीचं काळीज वळकू आलं न्हाई तुमाला?”

सिदूनं लेकीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून नर्सपुढे धरला.

“न्हाई आलं,” तो म्हणाला.

धनश्रीची मूठ उघडली होती. नर्सनं वाकून पुन्हा टिचकी मारली, आणि म्हणाली, मिळाली.